मनगटावरचा जोड

१

फ्लॅप बघायचा म्हणजे चार गोष्टी बघायच्या. रंग, ऊब, बोटाने दाबून सोडल्यावर लाली किती वेळात परत येते ते, आणि आवाज. पहिले तीन दिवस दर तासाला, मग दोन तासांनी. बावीस वर्षं मी हेच करत आलेय. वॉर्डात नवी सिस्टर आली की तिला पहिल्याच दिवशी सांगते, हात न लावता तक्त्यावर खूण केलीस तर माझ्याशी गाठ आहे. माझा स्वभाव तिरसट आहे हे आमच्या लिफ्टमनलासुद्धा ठाऊक आहे, आणि मला त्याचं काही वाटत नाही.

ज्यांनी कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. मोठी जखम झाली, आतली हाडं उघडी पडली, की वर नुसती पातळ कातडी लावून भागत नाही. मग मांडीचा किंवा पाठीचा एक जाड तुकडा काढतात. कातडी, तिच्याखालची चरबी आणि तिला पोसणारी धमनी न् शीर, सगळं एकत्र. हाच फ्लॅप. तो जखमेवर बसवायचा आणि त्याची धमनी तिथल्या धमनीला शिवायची, मायक्रोस्कोपखाली, केसाहून बारीक दोऱ्याने. मग धमनीवर लावलेले चिमटे सोडले की तो पांढराफटक तुकडा एका कडेपासून गुलाबी होत जातो. मी हे किती वेळा पाहिलं त्याचा हिशोब नाही, तरी त्या क्षणी थिएटरमध्ये अजूनही कुणी बोलत नाही.

या वेळी तो तुकडा माझ्या दादाच्या मांडीचा होता.

दादा माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. पुस्तकं बांधतो. आईवडील लवकर गेले, तेव्हा शाळा सोडून तो बाइंडिंगच्या कारखान्यात लागला. माझ्या वेण्या घालण्यापासून ते नर्सिंगच्या फॉर्मवर पालक म्हणून सही करण्यापर्यंत सगळं त्यानेच केलं. वेण्या वाकड्या यायच्या. एक दिवस त्याचा डावा हात पुठ्ठे दाबायच्या रुळांच्या मशीनमध्ये गेला आणि मागच्या बाजूची कातडी मोजा काढावा तशी निघून आली. फ्लॅप जगला तर हात राहणार होता, नाहीतर मनगटापासून काढायचा होता. घरच्या पेशंटची ड्युटी आपण घ्यायची नाही असा नियम आहे, पण वॉर्डात फ्लॅपमधलं कळणाऱ्या सिस्टर आम्ही दोघीच, म्हणून मेट्रनने काणाडोळा केला.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी प्रोबला जेल लावून तो फ्लॅपवर टेकवला. प्रोब म्हणजे पेनाएवढी कांडी, तिच्या वायरला छोटा स्पीकर. आत रक्त वाहतं त्याचा आवाज बाहेर ऐकू येतो, फुस्स, फुस्स, फुस्स. आवाज ठणठणीत होता. जुनी खोड म्हणून माझी दोन बोटं त्याच्या उजव्या मनगटावर होती.

मनगटात मिनिटाला चौऱ्याऐंशी ठोके पडत होते. फ्लॅपमध्ये छप्पन्न.

२

असं होऊ शकत नाही. एका घराला एकच टाकी असेल तर एका नळाला जोरात आणि दुसऱ्याला हळू पाणी येईल एक वेळ, पण टाकी भरायच्या वेळा वेगळ्या कशा असतील? ठोका हृदय देतं. फ्लॅपची धमनी मनगटाच्या धमनीला शिवलेली. त्या डाव्या मनगटाला जोडाच्या वरच्या अंगाला मी बोट लावलं, तिथेही चौऱ्याऐंशी. जोडाच्या खाली, फ्लॅपमध्ये, छप्पन्न.

मी बॅटरी बदलली. दुसरा प्रोब आणला. शेवटी मलाच मोजता येईनासं झालं असेल म्हणून दुपारच्या पाळीची सिस्टर येताच तिला बोलावलं. ती आमच्यातली दुसरी, फ्लॅप कळणारी. बोलते कमी, काम चोख. तिने डोळे मिटून पूर्ण मिनिट मोजलं.

"छप्पन्न," ती म्हणाली. मग म्हणाली, "पण हे मोजतं कोण?"

खरं होतं तिचं. तक्त्यात आकडा लिहायला रकानाच नाही. आवाज आहे की नाही, एवढंच लिहायचं. आवाज गेला की धावत थिएटर गाठायचं, आवाज असला की देवाचे आभार मानून पुढच्या पेशंटकडे जायचं. आजपर्यंत कुणाच्या फ्लॅपचे ठोके मोजायची वेळच आली नव्हती. मग बाकीच्यांचे किती पडत होते कुणास ठाऊक, हा विचार डोक्यात आला आणि मी तो लगेच हाकलून दिला.

राउंडला मॅडम आल्या. दादाचं ऑपरेशन त्यांनीच केलेलं. नऊ तास उभ्या होत्या, पाय सुजलेले. मी सांगितलं तर त्यांनी फ्लॅप दाबला, सोडला, खुश झाल्या.

"अहो सिस्टर, असा गुलाबी फ्लॅप मी वर्षभरात पाहिला नाही. आणि तुम्ही ठोके मोजत बसलात? शीर आणि धमनी दोन्हींचा आवाज मिसळत असेल."

"शिरेला ठोका नसतो, मॅडम."

"तुमचा भाऊ आहे म्हणून तुम्हाला सगळं मोठं दिसतंय," त्या म्हणाल्या, पण प्रेमाने म्हणाल्या. मी प्रोब पुसून ठेवून दिला. मलाही तेच हवं होतं.

दादा हे सगळं ऐकत होता. "चिमे," तो म्हणाला, "मांडी हातावर आली हे बरं झालं. आता उभ्या उभ्या बसता येईल." वहिनी उशाशी होती. ती हसता हसता रडायला लागली, आणि दादा तिच्यावर खेकसला. खेकसणं हा त्याचा जन्मजात धंदा, बाइंडिंग नंतरचं.

३

त्यानंतर मी आकडे माझ्या एप्रनच्या खिशातल्या चिठ्ठीवर लिहायला लागले. जखम धुताना दादा ओरडायचा, मनगटात एकशेवीस व्हायचे. फ्लॅपमध्ये छप्पन्न. रात्रीची झोप झाली नाही म्हणून तो वहिनीवर चिडला, शंभर. फ्लॅपमध्ये छप्पन्न. एकदा ताप चढला, अंग भाजत होतं. हातावरचा तो तुकडा मात्र कोमट, शांत, आपल्या चालीने चाललेला.

चौथ्या दिवशी दुपारी तो गाढ झोपला. खिडकीतून ऊन चादरीवर आलं होतं, वॉर्डात भांडी आवरल्याचा आवाज होता. मी एका हाताने मनगट धरलं, दुसऱ्या हातात प्रोब. झोपेत मनगटातले ठोके उतरत गेले. सत्तर, चौसष्ट, साठ. मग अठ्ठावन्न. रस्त्याने दोन माणसं मागेपुढे चालत असावीत आणि थोड्या वेळासाठी त्यांची पावलं एकत्र पडावीत, तसं झालं. सात-आठ ठोके ते बरोबर पडले. मग मनगटातले पुढे निघून गेले.

भीती होती, पण नुसती भीती नव्हती. एवढी वर्षं मी ज्याला मांसाचा तुकडा म्हणत आले, त्याच्यापुढे मला उठून उभं राहावंसं वाटलं. आणि लाज वाटते सांगायला, पण त्यानंतर मी पुढच्या तपासणीच्या वेळेची वाट बघायला लागले. दादाच्या शेजारी बसायची ओढ नव्हती ती. तो आवाज ऐकायची होती.

"तिथे कसं वाटतं रे?" मी त्याला संध्याकाळी विचारलं.

"कुठे, हातावर? काहीच नाही." मग थोडा थांबून म्हणाला, "तिथे कुणाला घाई नाहीये."

मी तक्त्यावर खूण करून उठले. पुढे विचारायला हवं होतं.

४

पाचव्या दिवशी सकाळी अकराला तो पलंगावर बसून चहा पीत होता. म्हणाला, "चिमे, श्वास..." आणि कप चादरीवर उलटा झाला.

पायातली गुठळी फुप्फुसात गेली होती, हे नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की त्याचा चेहरा निळा पडलाय आणि मॉनिटरवर सरळ रेघ आहे. मी त्याच्या छातीवर दोन्ही हात ठेवून दाबायला लागले. बेल वाजली, अतिदक्षता विभागाचे डॉक्टर धावत आले, मॅडम आल्या, वहिनीला पडद्याबाहेर काढलं. इंजेक्शनं, नळी, पुन्हा छाती. माणसं बदलत गेली. माझे हात भरून आले तेव्हा दुसऱ्या सिस्टरने मला बाजूला केलं.

बाजूला उभी राहून मी काय करणार होते? मी प्रोब उचलला आणि फ्लॅपवर टेकवला. का ते विचारू नका. माझ्या हातांना तेवढंच येतं.

फुस्स. फुस्स. फुस्स.

छाती दाबली की थोडं रक्त पुढे ढकललं जातं, तेव्हा आवाज येणारच, हे मी स्वतःला बजावलं. पण छातीवर मिनिटाला शंभरच्या वर दाब पडत होते, आणि हा आवाज आपला सावकाश चाललेला. पंचवीस मिनिटं झाली. डॉक्टरांनी हात वर केला, सगळे थांबले, सगळ्यांनी मॉनिटरकडे पाहिलं. सरळ रेघ. डॉक्टरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे मान वळवली. वेळ सांगायची असते तेव्हा अशी मान वळवतात, ती मला ओळखू येते.

"थांबू या," ते म्हणाले.

"थांबायचं नाही," मी म्हणाले.

"सिस्टर, मॉनिटर बघा."

"तुम्ही हे ऐका."

मी स्पीकर मोठा केला. छातीवर कुणाचाही हात नव्हता. दादा निळाकाळा, डोळे अर्धे उघडे. आणि खोलीभर तो आवाज, सरळ, निवांत, एक ठोका चुकत नाही की मागे पडत नाही. मॅडमनी स्वतः फ्लॅप दाबला. सोडल्यावर लाली परत आली, नेहमीसारखी, दोन सेकंदांत. कुणीतरी पुटपुटलं, मशीनचा दोष असेल.

तेव्हा माझ्या अंगठ्याला काहीतरी लागलं. खाली पाहिलं. तळहाताखाली बांधलेल्या प्लास्टरच्या पट्टीतून बाहेर आलेली दादाची बोटं माझ्या अंगठ्याभोवती मिटत होती. बोटं मिटवणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्या तळहाताच्या बाजूला असतात, त्या शाबूत होत्या, हे मला माहीत होतं. पण ओढणारा कोण होता? पकड घट्ट नव्हती. लहान पोराला रस्ता ओलांडून देताना मोठं माणूस हात धरतं ना, तशी होती. दादाने माझा हात असा कितीदा धरलाय. हा धरणारा दादा नव्हता.

"दाबा," मी ओरडले. "दाबत राहा."

डॉक्टर दाबत राहिले. एकतिसाव्या मिनिटाला मॉनिटरवर एक टोक उमटलं. मग दुसरं. लगेच नाही, सावकाश. सगळ्यांनी श्वास सोडले, पडद्यापलीकडे वहिनी मोठ्याने रडली. मी मात्र घड्याळ बघत मोजत होते. मोजायची गरज नव्हती.

छप्पन्न.

५

दादा वाचला. डोक्यालाही काही इजा नाही. हृदयाचे डॉक्टर म्हणाले, असा पेशंट हजारात एक, ठोके तर खेळाडूसारखे आहेत. त्या सकाळच्या आवाजाबद्दल केसपेपरवर कुणी एक ओळ लिहिली नाही. मीही नाही लिहिली. मॅडम आणि मी त्याविषयी बोललो नाही. जिन्यात समोरासमोर आलो की दोघी जरा जास्तच घाईने जायचो.

एकदाच मी एक गोष्ट केली. दादा घरी जायच्या आदल्या दिवशी, तपासायच्या निमित्ताने मी त्याच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवला आणि फ्लॅपवर प्रोब. ठोका आधी छातीत पडतो आणि हातात किंचित उशिरा पोहोचतो. अंतर एवढंसं असतं, पण बावीस वर्षं ऐकलेल्या कानाला ते कळतं. मी ऐकलं. आधी हातात फुस्स, मग छातीत धप्प. आधी हात, मग काळीज. आठ-दहा मिनिटं ऐकलं. मग स्वतःची समजूत घातली की गोल फिरणाऱ्या चाकात पुढचा कोण आणि मागचा कोण हे ऐकणाऱ्यावर असतं. आणि स्टेथोस्कोप काढून ठेवला.

घरी गेल्यावर तो बदलला असं मी म्हणणार नाही. तीच भाजी आवडते, तेच घोरणं. फक्त खेकसत नाही. वहिनीला तर लॉटरी लागल्यासारखं झालंय. "अगं, चहा गार झाला तरी काही बोलत नाहीत," ती मला सांगते. "माणूस मरणाच्या दारातून आला की शहाणा होतो बाई." मी हो म्हणते. एकदा मी मुद्दाम त्याच्या समोर नव्या बांधलेल्या वहीला ओल्या हाताने डाग पाडला. पूर्वी त्याने घर डोक्यावर घेतलं असतं. त्याने डागाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हसून म्हणाला, "वाळेल की." मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

पण तो जिवंत होता. समोर बसून बोलत होता. मला दुसरं काही नको होतं.

६

चार महिन्यांनी मॅडमनी त्याला तपासायला बोलावलं. मांडीचा फ्लॅप जाड असतो, हातावर उशी बांधल्यासारखा दिसतो. म्हणून नंतर छोट्या ऑपरेशनने आतली चरबी काढून तो पातळ करतात. अगदी नेहमीचं काम. त्याआधी एक गोष्ट तपासावी लागते. एवढ्या दिवसांत आजूबाजूच्या कातडीतून फ्लॅपमध्ये नवे रक्ताचे रस्ते तयार झालेले असतात. मूळ जोड बंद पडला तरी फ्लॅप आता स्वतःच्या बळावर जगेल का, एवढं बघायचं. त्यासाठी काही यंत्र लागत नाही. मनगटावर, जोडाच्या जागी, अंगठा दाबून धरायचा आणि रंग बघत राहायचं.

मी शेजारी उभी होते. बाहेर रांग, आत पंखा, टेबलावर फायलींचा ढीग. दादा स्टुलावर बसून मॅडमना गिऱ्हाइकाची गोष्ट सांगत होता. तो आता पुन्हा थोडं थोडं काम करतो. मॅडमनी त्याचा हात ओढून घेतला, अंगठा जोडावर ठेवला आणि दाबला.

"तर तो माणूस शब्दकोश घेऊन आला," दादा सांगत होता, "पानं सगळी सुटी, पुठ्ठा वाळवीने खाल्लेला, आणि मला म्हणतो, उद्या..."

तो थांबला.

मॅडमचं लक्ष फ्लॅपवर होतं. "वा," त्या म्हणाल्या. "बघा सिस्टर, रंगात काही फरक नाही. जोड पूर्ण दाबलाय मी, तरी गुलाबी. हा आता कुणावर अवलंबून नाही."

मी फ्लॅप बघत नव्हते. मी दादाकडे बघत होते. त्याचं तोंड पुढच्या शब्दासाठी उघडलेलं होतं. डोळे उघडे, पापणी हलत नव्हती. पंख्याने त्याच्या कपाळावरचे केस उडत होते, आणि छाती वर येत नव्हती. दुखल्याची खूण नाही, भीती नाही. स्टुलावर तो नीट ताठ बसलेला होता, आणि आत कुणी नव्हतं.

"मॅडम," मी म्हणाले. "अंगठा काढा."

"अजून अर्धं मिनिट तरी..."

"काढा अंगठा."

त्यांनी मान वर केली. त्यांनी त्याचा चेहरा पाहिला. त्यांचा अंगठा उचलला गेला, तो त्यांनी उचलला असं मी म्हणणार नाही.

"...सकाळी पाहिजे," दादा म्हणाला आणि हसला. "उद्या सकाळी! पाचशे पानांचं काम. लोकांना काही वाटत नाही बघा."

आम्ही दोघी हसलो नाही हे त्याच्या लक्षात आलं नसावं. मॅडम उठून बेसिनपाशी गेल्या आणि आमच्याकडे पाठ करून हात धूत राहिल्या. नळ बराच वेळ चालू होता. परत येऊन त्यांनी फाइल ओढली, ऑपरेशनची तारीख लिहिलेली होती त्यावर एक आडवी रेघ मारली.

"पातळ करायची गरज नाही," त्या म्हणाल्या. "आहे तसा छान आहे."

दादाने हात उलटसुलट करून पाहिला. "चालेल की. दिसतो जरा ढब्बू, पण माझी तक्रार नाही." मग त्याने उजवा हात खिशात घातला आणि वहिनीने वाढदिवसाला दिलेलं नवं घड्याळ बाहेर काढलं. चामड्याचा रुंद पट्टा होता. डाव्या मनगटाशी, जिथे मॅडमचा अंगठा होता तिथेच, त्याने तो लावून बघितला आणि बक्कल शोधायला लागला.

"मग आता हे बांधायला हरकत नाही ना?" त्याने विचारलं.

"नको," आम्ही दोघी एकदम म्हणालो.